धुळ्याहून आणलेली चार चाकं

आमच्या जिन्याखाली तीन चाकं होती. टायर नव्हते, नुसती धातूची चाकं. जळगावात त्यांना मॅगव्हील म्हणतात. त्यांच्यावर आईच्या जुन्या चादरींपैकी एक टाकलेली होती. चौथं चाक गॅरेजमध्येच राहिलं, कारण त्याचे दोन तुकडे झाले होते.

माझा धाकटा भाऊ मार्चच्या सुरुवातीला गेला. पारोळ्याहून एकटाच घरी येत होता. भर दुपार होती, रस्ता कोरडा होता आणि समोर कुणी नव्हतं. पुढचं डावं चाक फुटलं आणि गाडी दुभाजकावर गेली. पोलिसांच्या कागदावर अतिवेग असं लिहिलं आहे. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. तो गाडी पळवायचा.

एप्रिल संपत आला तेव्हा आमचे वडील, आबा, म्हणाले की आखाजीच्या आत ती चाकं घरातून गेली पाहिजेत. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. या वर्षी त्याच्या नावाची घागर पहिल्यांदा भरायची होती. आबांना घागर आणि चाकं एका छताखाली नको होती. शिंदखेड्याच्या एका माणसाचा दोनदा फोन येऊन गेला होता. भावाच्या ओळखीचा होता, त्याला तसलीच चाकं हवी होती. आबा म्हणाले, त्याला बोलाव आणि देऊन टाक. मग थोड्या वेळानं म्हणाले, त्याला काही सांगत बसू नकोस.

आबांना वाटत होतं त्याहून सांगण्यासारखं बरंच होतं, आणि ते मी अजून त्यांनाही सांगितलेलं नव्हतं.

भाऊ दीपनगरच्या वीज केंद्रात एका कंत्राटदाराकडे कामाला होता. त्याचं काम भेगा शोधण्याचं. बॉयलरच्या नळ्यांना जिथे जोड दिलेला असतो तिथे डोळ्यांना न दिसणारी भेग असू शकते, ती शोधून खडूनं खूण करायची. त्याच्याकडे त्यासाठी तीन डबे असत. पहिल्या डब्यातल्या द्रवानं जागा पुसून घ्यायची. दुसऱ्यातला लाल रंग तिथे फवारायचा आणि थांबायचं. भेग असेल तर रंग आत शिरतो. मग वरचा रंग पुसून टाकायचा आणि तिसऱ्या डब्यातली पांढरी पूड फवारायची. आत शिरलेला लाल रंग हळूहळू पांढऱ्यावर उमटतो. भेग नसेल तर पांढरं पांढरंच राहतं.

हे मला माहीत आहे कारण त्यानं ते एकदा आईच्या बिडाच्या तव्यावर करून दाखवलं होतं. आई तेव्हा होती. तवा गॅसवर ठेवला की टिकटिक आवाज करायचा आणि आई म्हणायची, काही नाही, जुना आहे, बोलतो. त्यानं अंगणात तवा मांडला, फवारला, पुसला, पुन्हा फवारला. दहा मिनिटांनी कडेपासून मध्यापर्यंत एक लाल रेघ उमटली. आईनं त्याला विचारलं की आता या विषारी तव्यावरची भाकरी कोण खाणार. तो म्हणाला, तुझ्या सुना. त्याला तेव्हा एकही स्थळ येत नव्हतं. आई खूप हसली होती. नंतर दोन दिवस तिनं तवा टाकून दिला नाही, नुसता भिंतीला टेकवून ठेवला होता.

त्यानं लग्न केलं नाही, मीही नाही. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. आई गेल्यावर घरात आम्ही तिघं उरलो. त्याचा पगार त्याच्या गाडीत जायचा. गाडी साधी, छोटी आणि जुनी होती, पण तिच्या आतलं बहुतेक सगळं त्यानं बदललं होतं. नवं सामान त्याला परवडण्यासारखं नव्हतं. मोबाइलवर त्यांचा एक ग्रुप होता. कुणाकडे गाडीचं काही जास्तीचं असलं की तो फोटो टाकायचा, बाकीचे विचारायचे, आणि वस्तू या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात जायची. पावती नाही, हमी नाही, वस्तू आधी कुणाच्या गाडीला होती ते कुणी विचारायचं नाही. विचारलं तर माणसावर संशय घेतल्यासारखं व्हायचं. फोटो नेहमी समोरून काढलेले असत. आता ते फोटो पाहताना मला हेच पहिल्यांदा दिसतं. कुठल्याही वस्तूची मागची बाजू एकाही फोटोत नाही.

ती चार चाकं त्यानं धुळ्यातल्या एका माणसाकडून घेतली. दसरा होऊन गेला होता. शर्यतीच्या गाड्यांना लावतात तशी हलकी चाकं आहेत, तो मला सांगत होता, हलक्या चाकानं गाडी चपळ होते. विकणाऱ्यानं फोनवर सांगितलं, रविवारी या आणि जेवायलाच या. भावाला त्याचं फार बरं वाटलं. जेवायला बोलावणारा माणूस साधा असतो, असं तो म्हणाला. मला धुळ्यात जुनी पुस्तकं बघायची होती, म्हणून मीही निघाले.

आधी आम्ही पुस्तकांकडे गेलो. फुटपाथवर एक म्हातारे गृहस्थ पुस्तकं घेऊन बसतात. मी एक जुना शब्दकोश उचलला, उलटा धरून झटकला, पुठ्ठा आणि पाठ यांच्यात बोट घालून पाहिलं, मध्येच चार ठिकाणी उघडून वास घेतला. कसर लागलेली होती. मी तो परत ठेवला. म्हातारबुवा भावाला म्हणाले, तुमच्या बहिणीनं मुलगा बघितला असता तर त्याचेही दात मोजले असते. भाऊ परतीच्या वाटेवर हे सारखं म्हणून दाखवत होता. ग्रंथालयात पुस्तक घेताना मी गेली वीस वर्षं असंच करते आहे. वरून बघून जुनी वस्तू घेऊ नये, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

साक्री रोडच्या बाजूला त्या माणसाचं घर होतं. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. त्याच्या बायकोनं वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी केली होती. आम्ही पाटावर बसलो. ती वाढत होती आणि बोलत होती. नवऱ्यानं घर सोडून सगळ्याला मॅगव्हील लावली आहेत, आता फक्त माझी शिलाई मशीन राहिली, असं तिनं सांगितलं. नवरा म्हणाला, तिला लावली तर तू टाके धुळ्यात घालशील आणि कापड सुरतेत निघेल. भाऊ पुरे पुरे म्हणत होता, तेव्हा तिनं त्याच्या ताटात आणखी एक बट्टी फोडली आणि वरून तूप ओतलं.

"ल्या ना भाऊ," ती म्हणाली. "गाडीले पेट्रोल लागस, मानूसले तूप."

ते जेवण खोटं नव्हतं. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे आणि अजूनही मला असंच वाटतं.

जेवण झाल्यावर पडवीत आलो. पोत्यावर चारही चाकं ओळीनं मांडली होती. गडद करड्या रंगाची, इतकी चकचकीत की पत्र्यावरचं ऊन त्यांत दिसत होतं. भाऊ उकिडवा बसला. त्यानं पहिलं चाक उलटं केलं आणि आतल्या गोलाईवरून बोट फिरवायला लागला. तो कामावर कसा दिसत असेल ते मी त्या दिवशी पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. बोट एका जागी थांबलं, थोडं मागे आलं, पुन्हा तिथेच गेलं. रंग ताजा आहे, तो म्हणाला. विकणारा म्हणाला, परवाच मारला, तुमच्यासाठीच. भावानं खिशातून किल्ली काढली. रंग थोडा खरवडून खाली काय आहे ते त्याला पाहायचं होतं.

दारात त्या माणसाची बायको बडीशेपेची वाटी घेऊन उभी होती. तिनं किल्ली पाहिली. तिचा चेहरा मला दिसला. आपण वाढलेलं कुणी थुंकून टाकावं तसा तो झाला होता, किंवा मला तसा वाटला.

"राहू दे रे," मी हळूच म्हणाले. "आत्ताच जेवलो आपण त्यांच्याकडे."

आमच्याकडे हे असंच आहे. ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्याच्या वस्तूला नख लावायचं नाही. मुलगी बघायला गेलेली माणसंसुद्धा विचारायचं ते पोह्यांच्या आधी विचारून घेतात. जेवणाआधी बघायला मागायचं असतं, जेवणानंतर फक्त हो म्हणायचं असतं. त्या माणसाला हे माहीत होतं म्हणून त्यानं आधी जेवायला घातलं, की पाहुणा दुपारी आला म्हणून घातलं, ते मला कधीच कळणार नाही.

भावानं माझ्याकडे पाहिलं. मग हसला आणि किल्ली खिशात टाकली. बाकीची तीन चाकं त्यानं उलटी करूनही पाहिली नाहीत. येताना पारोळ्याच्या पुढे तो म्हणाला, घरी डबे आहेतच, रंग काढून बघून घेतो. मी हो म्हणाले. सोमवारी त्याची पहिली पाळी होती. त्या आठवड्यात बॉयलर बंद ठेवून काम चाललं होतं, तो रोज दमून यायचा. पुढच्या रविवारी त्यानं चाकं बसवून टाकली. मी डब्यांची आठवण केली नाही. मला आठवण होती, पण माझ्या मनात ती गोष्ट संपली होती. माणसं चांगली होती, जेवण चांगलं होतं.

पाच महिने चाकं चालली.

गाडी ओढून आणणाऱ्या गॅरेजवाल्यानं मला फुटलेलं चाक दाखवलं. आबा बाहेर बसले होते, त्यांना त्यानं बोलावलं नाही. तुटलेल्या कडेवर दोन रंग होते. थोडा भाग नव्या पत्र्यासारखा पांढरा, चमकणारा, आणि बोटभर भाग काळपट, मळलेला. पांढरं आहे ते अपघातात तुटलं, त्यानं सांगितलं. काळं आहे ते आधीपासून तुटलेलं होतं, त्यात रस्त्याची धूळ बसली आहे. शिवाय आतल्या बाजूला वेल्डिंग होतं. कुणीतरी एकदा फुटलेलं चाक जोडलं होतं, जोड घासून सपाट केला होता आणि वर रंग मारला होता.

"ताई, हे आजचं नाही," तो म्हणाला.

मी मान हलवली. बाहेर येऊन आबांना सांगितलं की चाक फुटलं. ते म्हणाले, वेगात असेल.

पुढे बारा दिवस लोक दारावर येत होते. आमच्याकडे माणूस गेलं की नातलग, ओळखीचे, शेजारच्या गावचे येऊन थोडा वेळ बसून जातात, त्याला दारावर येणं म्हणतात. फार बोलायचं नसतं. जे बोलायचे ते हेच म्हणायचे की पोरगा सोन्यासारखा, पण गाडी फार पळवायचा. आबा मान डोलवायचे. त्यांना त्यात आधार सापडला होता हे मला दिसत होतं. मुलगा वेगानं गेला हे त्यांना सहन होत होतं. तो फसला, आणि तेही भेगा शोधायचं काम करणारा मुलगा भेग असलेल्या चाकावर फसला, हे त्यांना सहन झालं नसतं. म्हणून मी गप्प राहिले. मी त्यांच्यासाठी गप्प आहे असं मी स्वतःला सांगत होते.

नवव्या दिवशी धुळ्याचा तो माणूस बायकोला घेऊन आला. बाई माझ्या गळ्यात पडून रडली. खरं रडली. तिनं मला सांगितलं की त्या दिवशी भाऊ चार बट्ट्या जेवला होता, तिनं मोजल्या होत्या. तो माणूस जिन्याकडे पाठ करून बसला. निघताना तो चप्पल घालत होता, तेव्हा मी त्याच्या मागे गेले आणि विचारलं की रंग मारला तेव्हा आतून काही दिसलं होतं का.

तो बराच वेळ चपलेचा पट्टा ओढत राहिला.

"रंग मारताना आतून कोण बघतो, अक्का," तो म्हणाला. "मी बी अशीच घेतली व्हती. सुरतेच्या माणसाकडून. त्यानं बी जेवू घातलं व्हतं."

मी पदर सावरून आत आले.

शिंदखेड्याचा माणूस आखाजीच्या चार दिवस आधी आला. वय चाळिशीचं, हात काळवंडलेले. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. आल्या आल्या तो आबांच्या पाया पडला, दारावर यायचं राहून गेलं होतं म्हणून पाच मिनिटं नुसता बसला. मी पाणी दिलं. मग तो भावाबद्दल बोलला. भाऊ फोनवर तासतास सांगायचा, गाडीतलं त्याला जे कळतं ते सगळं भावाचंच, असं म्हणाला. त्याच्या गाडीला याच जातीची चाकं होती, धुळ्याच्या त्याच माणसाकडून दोन वर्षांपूर्वी घेतलेली. एक खड्ड्यात वाकलं होतं. त्याला एकच हवं होतं, पण तो तिन्ही नेणार होता. आखाजीला बायकोला पुढे आणि आईला मागे बसवून साक्रीकडे मामाच्या गावी जायचं होतं, त्याआधी बसवून घेतो म्हणाला.

आबा उठून आत गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी चादर काढली. त्यानं वाकून वरचं चाक उचललं, वजन पाहिलं आणि थेट दाराकडे निघाला. मी म्हणाले, आधी उलटं करून बघा. तो थांबला. त्यानं चाकाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं, जरा दुखावल्यासारखं.

"भाऊनी वस्तू शे ती, अक्का. तिले काय तपासानं?"

मी म्हणाले, तरी बघा. तो आता मला समजावू लागला. ज्या घरचा माणूस गेला त्या घरात बसून, तुमचं पाणी पिऊन, मी नखानं रंग खरवडू का, भाऊ वरून बघत असेल तर काय म्हणेल. तो हे मनापासून बोलत होता. मी पडवीच्या दारात उभ्या असलेल्या त्या बाईचा चेहरा पाहून जे बोलले होते तेच तो मला परत करत होता, जवळजवळ त्याच शब्दांत. मी आता नुसतं हो म्हणाले असते तर चाकं दहा मिनिटांत गेली असती. आबांना तेच हवं होतं. घर मोकळं झालं असतं.

"तुम्ही बघितल्याशिवाय मी देणार नाही," मी म्हणाले.

माझा आवाज बहुधा बरा नव्हता, कारण त्यानं चाक खाली ठेवलं. मी त्याला हार्डवेअरच्या दुकानातून रंग काढायचं रिमूव्हर आणायला पाठवलं आणि भावाच्या खोलीतून डबे काढले. खाटेखाली एका खोक्यात होते, तिन्ही अर्धे भरलेले. खोक्यात एक जुनं फडकं होतं, त्यावर लाल डाग. तव्याच्या दिवसाचे असतील किंवा नंतरचे.

चारचं ऊन होतं. अंगणात गोणपाट टाकून आम्ही चाकं पालथी मांडली. रिमूव्हर लावल्यावर करडा रंग फुगून सुरकुतला आणि पत्र्याच्या तुकड्यानं ओढला की सालीसारखा निघत गेला. ते काम त्यानं केलं, मी पाणी ओतत होते. दोन चाकांच्या आत खाली एकसारखा धातू होता. तिसऱ्याच्या आत रंगाखाली आणखी एक रंग निघाला, चंदेरी, आणि त्याच्याही खाली लांबी भरलेली होती, भिंतीची भेग बुजवतात तशी. ती त्या माणसानं त्याच तुकड्यानं उकरून काढली.

पुढचं मी केलं. हात आठवणीनं चालत होते. पुसलं, लाल फवारलं, थांबले. उन्हामुळे रंग वाळेल अशी भीती वाटली म्हणून मी पदरानं सावली धरून बसले. तो म्हणाला, अक्का, मी धरतो, आणि त्यानं आपला रुमाल दोन्ही हातांनी ताणून चाकावर धरला. पंधरा मिनिटं आम्ही तसेच बसलो होतो. मग पुसलं, पांढरं फवारलं.

दोन चाकं पांढरी राहिली. तिसऱ्याच्या गोलाईवर आधी एक लाल ठिपका आला. मग त्याच्या बाजूला दुसरा. मग ते जुळले आणि रेघ झाली, माझ्या करंगळीएवढी.

आबा दारात कधी येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही. ते खाली उतरले, चाकाशी वाकले. त्यांना तवा आठवला असणार, कारण त्यांनी हे काय आहे असं विचारलं नाही.

"हे तेव्हाही दिसलं असतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग त्यानं बघितलं कसं नाही?"

शिंदखेड्याचा माणूस नळाखाली हात धूत होता, तो तसाच थांबला. मला त्याच्यासमोर बोलायचं नव्हतं, पण थांबले असते तर पुन्हा बोलले नसते.

"तो बघत होता, आबा. किल्ली काढली होती त्यानं. मी थांबवलं. म्हटलं, आत्ताच जेवलोय त्यांच्याकडे."

आबांनी बोट त्या रेघेवर ठेवलं. पांढरी पूड बोटाला लागली, लाल पसरलं. ते पायरीवर बसले. नळ चालू राहिला होता, तो त्या माणसानं बंद केला.

"मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो," आबा म्हणाले.

ती क्षमा नव्हती. माझ्या समाधानासाठीही ते बोलले नसावेत. ते स्वतःकडे बघून बोलत होते. त्यांच्या हातातून त्या क्षणी मुलाचा वेगही गेला, आणि त्याच्या बदल्यात मी त्यांना जे दिलं ते कुठल्याही बापानं घेऊ नये असं होतं. ते अजून त्यांच्याजवळ आहे. आम्ही त्याविषयी पुन्हा बोललो नाही.

त्या माणसानं तिन्ही चाकांकडे पाहिलं. मी त्याला सांगितलं की ही दोन स्वच्छ दिसतात, एवढंच मला सांगता येतं. आधी कुणाच्या गाडीला होती, किती आपटली, ते मला माहीत नाही. हवी तर न्या, पण माझ्या शब्दावर नेऊ नका. त्याचं लक्ष चाकांवरून डब्यांवर गेलं आणि तिथेच राहिलं. मग तो आपल्या गाडीकडे वळून पाहू लागला. गाडी आमच्या फाटकाबाहेर निंबाखाली उभी होती, तीच ती करड्या रंगाची चाकं लावलेली, वाकलेल्या चौथ्याच्या जागी साधं लोखंडी.

"हे डबे घेऊन जाऊ का, अक्का?" त्यानं विचारलं.

मी डबे खोक्यात घालून दिले. फडकंही दिलं. चाकं त्यानं नेली नाहीत. आबा पायरीवरूनच म्हणाले, हळू जा. तो जळगावहून शिंदखेड्याला त्याच चाकांवर गेला, दुसरा उपाय नव्हता. त्यानं पोचल्याचा फोन केला, तोपर्यंत आबांना दिवा लावायचीही आठवण राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याला बोलावलं आणि अट घातली की चाकं इथेच तोडायची. त्याला ते मूर्खपणाचं वाटलं. अख्खी असती तर पुढे कुणीतरी घेतली असती, तो म्हणाला. म्हणूनच, मी म्हणाले. त्यानं कटरनं तिन्हींचे चार चार तुकडे केले. रेघ असलेला तुकडा कुठला ते नंतर ओळखता आलं नाही.

आखाजीला सकाळी आबांनी घागर मांडली. मी सांजोऱ्या रात्रीच करून ठेवल्या होत्या. घागरीच्या तोंडावर डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज, आणि दोन आंबे. आबा पूर्वजांची नावं एकेक घेत पाणी घालत होते. आईच्या नावापर्यंत आले होते, तेव्हा माझा फोन वाजला. शिंदखेड्याचा नंबर पाहून मी बाजूला जाऊन घेतला.

त्याला नीट बोलता येत नव्हतं. रिमूव्हर मिळायला दोन दिवस गेले, म्हणाला, आज पहाटे उठून फवारलं.

"दोनमा काही नही," तो म्हणाला. मग थांबला. "एकमा शे, अक्का."

कुठलं चाक तेही त्यानं सांगितलं. गाडी बाहेर काढू नका, मी म्हणाले. नाही काढली, तो म्हणाला, मामाकडे एसटीनं निघालो आहोत, आई स्टँडवर बसली आहे. मागून गर्दीचा आवाज येत होता. मी फोन ठेवला.

आबा लोटा हातात धरून थांबले होते.

"निघालं?"

"एकात."

"कुठलं?"

"मागचं उजवं."

"मागे कोण बसतं?"

"आई बसते, म्हणाला होता."

आबांनी मान हलवली. मग त्यांनी लोटा वाकवला आणि माझ्या भावाचं नाव घेतलं.